बाटलीबाईचे सासरे

किनाऱ्यावर तिला सगळे बाटलीबाई म्हणत. आरोग्य खात्याच्या पाणी प्रयोगशाळेत ती नोकरीला होती. दर सोमवारी आणि गुरुवारी सकाळी सातला समुद्रात उतरायचं आणि ठरलेल्या पाच जागी पाण्याचे नमुने घ्यायचे, हे तिचं काम. दिसायला सोपं होतं. कमरेइतक्या पाण्यात जायचं, पायाखालची ढवळलेली वाळू बसेपर्यंत थांबायचं, लाटेकडे तोंड करायचं, झाकण काढायचं पण त्याच्या आतल्या बाजूला बोट लागू द्यायचं नाही, बाटली पालथी धरून कोपरापर्यंत हात बुडवायचा आणि मग ती उताणी करायची. भरली की बर्फाच्या पेटीत. मग वहीत लिहायचं: वेळ, भरती की ओहोटी, पाण्यात माणसं किती, कुत्री किती, पक्षी किती.

"पक्षी कशाला मोजता?" एकदा एका फिरायला आलेल्या गृहस्थांनी विचारलं होतं.

"तेही इथेच उरकतात म्हणून," ती म्हणाली, आणि गृहस्थांनी पाण्यात घातलेला पाय बाहेर काढला.

पुढचं काम प्रयोगशाळेत. पाण्यात एक पूड मिसळून ते बारीक बारीक खणांच्या तबकात ओतायचं, तबक दिवसभर ऊबदार कपाटात ठेवायचं, दुसऱ्या दिवशी ते अंधाऱ्या खोलीत जांभळ्या दिव्याखाली धरायचं. ज्या खणात आतड्यातले जंतू वाढले असतील तो निळा चमकतो. चमकणारे खण मोजायचे, की पाणी अंगावर घेण्यासारखं आहे की नाही ते कळतं.

बाटलीबाई हे नाव तिला तिच्या सासऱ्यांनीच ठेवलं होतं. सासरे एकाहत्तर वर्षांचे. उभा जन्म प्लंबिंगच्या कामात गेला, त्यामुळे त्यांना स्वतःलाही किनाऱ्यावर नाव पडलं होतं, पाना. नावं ठेवणं ही त्या टोळक्याची खोडच होती. साठीच्या पुढची अकरा माणसं, रोज सकाळी उत्तरेकडच्या टोकाला पोहायची आणि स्वतःला 'बुडबुडे मंडळ' म्हणवून घ्यायची. तिथे त्यांची पत्र्याची शेड होती. दोन न्हाणीघरं, एक लांब बाक, चहाची शेगडी.

घरात आता ती आणि सासरे दोघंच. सासूबाई जाऊन नऊ वर्षं झाली होती. नवरा बोटीवर इंजिनात कामाला, सहा महिने पाण्यावर नि दोन महिने घरी. लोकांना वाटायचं, सून-सासरे दोघंच राहायचं म्हणजे अवघडल्यासारखं होत असेल. तसं काहीच नव्हतं. सासरे पाचला उठून चहा टाकायचे, तिच्या थर्मासात भरून ठेवायचे, बर्फाच्या पेटीतला बर्फ तेच फोडायचे. ती त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या डबीत वारानुसार लावून ठेवायची. सोमवार-गुरुवार दोघं एकदमच घराबाहेर पडायची. त्यांच्या खांद्यावर पंचा, तिच्या खांद्यावर पेटी. जिन्यात पेटी तेच घ्यायचे, रस्त्यावर आल्यावर तिच्याकडे द्यायचे. "सरकारी माल आहे, माझ्या हातात दिसला तर पकडतील," म्हणायचे.

ही गोष्ट घडली त्याच्या सात आठवडे आधी सासऱ्यांनी शेडमध्ये एक संडास बांधला होता. त्याला कारण टाचणीबाई. टाचणीबाई मंडळातल्या सगळ्यांत थोरल्या, चौऱ्याहत्तरच्या, शिवणकाम करून निवृत्त झालेल्या, अंगाने काटकुळ्या आणि जिभेला धार. त्यांचे गुडघे गेले होते, आणि सार्वजनिक संडास बेचाळीस पायऱ्या चढून वर रस्त्यावर होता. सासऱ्यांनी एक दिवस पायऱ्या मोजल्या आणि दुसऱ्या दिवशी फावडं घेऊन आले. कुणाला विचारलं नाही, परवानगीबिरवानगी काही नाही. चार दिवसांत भांडं बसलं, टाकी बसली. उद्‌घाटनाला फीत म्हणून कागदाच्या गुंडाळीची पट्टी बांधली होती, ती टाचणीबाईंनी आपल्या जुन्या कात्रीने कापली. बाटलीबाईसुद्धा त्या दिवशी तिथे होती. तिनेही टाळ्या वाजवल्या, चहा प्यायली. सासऱ्यांनी दारावर खडूने लिहिलं, 'सर्वांसाठी खुला'. किनाऱ्यावर येणाऱ्या आयाबायांनी, पोराबाळांनी त्यांना दुवा दिला.

त्यानंतर साधारण आठवड्याभराने उत्तर टोकाचे खण जास्त चमकू लागले.

आधी थोडेच, मर्यादेच्या आत. वारं उलटं असेल, ती मनाशी म्हणाली. मग वाढले. सहाव्या आठवड्यात सोमवारी आकडा मर्यादेच्या दुप्पट आला, गुरुवारी तिप्पट. बाकी चारही जागा स्वच्छ. तिने तबक पुन्हा दिव्याखाली धरलं, पुन्हा मोजलं, शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला मोजायला लावलं. तोच आकडा.

प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "दोनदा लागोपाठ वर गेलंय. फलक लावायला लागेल."

"हो."

"तुझे सासरे तिथेच पोहतात ना गं?"

"हो."

"दुसऱ्या कुणाला पाठवू का?"

तिने क्षणभर विचार केला. "नको. दुसऱ्याने लावला तर बाबा तो काढून टाकतील. मी लावला तर नुसते चिडतील."

शुक्रवारी दुपारी तिने शेडजवळच्या खांबावर लाल फलक ठोकला. 'पाणी दूषित. पोहण्यास मनाई.' आणि संध्याकाळी घरी येऊन, बूट काढायच्या आधीच, सासऱ्यांना सांगितलं.

सासरे कांदा चिरत होते. सुरी थांबली.

"चाळीस वर्षं पोहतोय मी तिथे. चाळीस वर्षं. मला साधी खरूज नाही झाली."

"तुम्हाला नाही झाली, बाबा. पण तिथे लहान मुलं येतात. पाणी तोंडात जातं त्यांच्या."

"आणि हे बाहेरचं कोणी सांगत नाहीये, माझ्या घरातलं माणूस सांगतंय. मंडळात तोंड दाखवायला जागा ठेवलीस का मला?"

"मी आकडा आणत नाही, बाबा. आकडा येतो."

"मग त्याला सांग, परत जा म्हणावं," असं म्हणून त्यांनी सुरी ठेवली, आणि त्या दिवसापासून तोंडाला कुलूप लावलं.

कुलूप म्हणजे फक्त तिच्यापुरतं. चहा पाचला होतच होता. थर्मास भरलेला असायचा. बर्फ फोडलेला असायचा. पण शब्द नाही. रविवारी बोटीवरून मुलाचा फोन आला तेव्हा सून नि सासरे एकाच सोफ्यावर दोन टोकांना बसले होते, फोन मध्ये उशीला टेकवलेला.

"तिला सांग," सासरे फोनकडे बघून म्हणाले, "गॅस संपत आलाय."

"बाबा, ती तुमच्या शेजारी बसलीय," मुलगा म्हणाला.

"दिसतंय मला. तू सांग."

"अगं, गॅस संपत आलाय."

"त्यांना सांग, नंबर लावलाय कालच," ती म्हणाली.

"बाबा, नंबर लावलाय." मग मुलाला हसू आवरेना. "मी इथे दोन समुद्र ओलांडून तुमचा टपालवाला झालोय. झालंय काय नक्की?"

दोघंही एकदम सांगायला लागली, आणि एकदम गप्प झाली.

सोमवारी ती नमुन्यांना गेली तेव्हा उत्तर टोकाला पाण्यात एक डोकं दिसलं. पांढरे केस, निळी टोपी. मंडळातले बाकीचे, टाचणीबाई सोडून, नऊजण फलक मानून वाळूवर हात-पाय हलवत होते. फक्त पाना पाण्यात होता, फलकाच्या अगदी समोर, जणू त्याला दाखवून.

तिने पेटी खाली ठेवली. "बाबा, बाहेर या."

डोकं वळलं नाही.

"बाबा!"

"इथे पोहायला मनाई आहे," ते तिच्याकडे न बघता ओरडले. "त्यामुळे इथे कुणी नाही."

वाळूवर कुणीतरी खुदकन हसलं. तिला आधी राग आला आणि मग रडू आल्यासारखं झालं, आणि दोन्हीपैकी काहीच करायचं नाही असं ठरवून ती तशीच पाण्यात चालत गेली. नमुना घ्यायला जाते तशी कमरेपर्यंत नाही, त्याच्याही पुढे. सदरा भिजला, ओळखपत्र तरंगायला लागलं. छातीइतक्या पाण्यात ती थांबली आणि हाताची घडी घातली.

"तुम्ही बाहेर येत नाही तोवर मी इथेच उभी राहते."

सासऱ्यांनी आता बघितलं. लाट आली, तिच्या हनुवटीला लागून गेली. "वेडी का काय तू? बाहेर हो."

"तुम्ही आधी."

"अगं, तुझ्या बोटाला चीर पडलीय परवा. विळी लागली नव्हती का? घाण पाणी आहे ते!"

म्हणून झाल्यावर त्यांना कळलं आपण काय म्हणालो ते. पुढची लाट येऊन गेली. मग ते पोहत तिच्यापर्यंत आले, तिच्या कोपराला धरलं आणि दोघं बाहेर आली. न्हाणीघराच्या नळाखाली त्यांनी स्वतः तिचं बोट साबणाने तीनदा धुतलं. तोंड मात्र बंदच.

कुलूप उघडलं ते टाचणीबाईंमुळे. त्या आजारी असल्याचं त्याच दिवशी दुपारी समजलं. फलक लागायच्या आधल्या दिवशी त्या पोहून गेल्या होत्या, मग पोट बिघडलं, त्यांनी कुणाला न सांगता अंगावर काढलं, आणि सोमवारी शेजारणीने त्यांना उचलून दवाखान्यात नेलं. अंगातलं पाणी इतकं गेलं होतं की डॉक्टर म्हणाले, अजून एक दिवस काढला असता तर अवघड होतं.

सासरे भेटून आले ते घरी आल्यावर बराच वेळ स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. ती भांडी घासत होती.

"एवढीशी झालीय," ते म्हणाले. "हात हातात घेतला तर लागतो की काय असं वाटतं."

ती हात पुसत वळली. तीन दिवसांनी घरात तिला उद्देशून आलेले ते पहिले शब्द होते. ती एकदम काही बोलली नाही, न जाणो पुन्हा बंद व्हायचे.

सासरे खुर्ची ओढून बसले. "एक सांग. उत्तरेच्या टोकाला ते गटाराचं तोंड आहे ना, ते नुसतं पावसाच्या पाण्याचं आहे. संडासाचं मैलापाणी वेगळं, ते मोठ्या नळातून पंपाकडे जातं. बरोबर?"

"बरोबर."

"दोन महिने पाऊस नाही. मग ते तोंड ओलं का?"

"तेच शोधायचंय, बाबा. कुणाचा तरी संडास चुकून पावसाच्या गटाराला जोडला गेलाय."

"चुकून!" ते उसळले. "त्या वरच्या नव्या पाहुणेघराचं काम आहे ते. चौदा खोल्या काढल्यात, आणि प्लंबर कुठून आणला देव जाणे. मी येतो तुझ्याबरोबर. त्या गल्लीतलं एकेक झाकण मला माहीत आहे."

ती बरं म्हणाली. पण त्यांची पाठ वळल्यावर ती भिजल्या ताटाकडे बघत उभी राहिली. शेडमधला संडास सात आठवड्यांचा. चमकणारे खण सहा आठवड्यांचे. हा हिशोब तिच्या मनात आधी एकदा येऊन गेला होता आणि तिने तो झटकला होता, कारण बाबांचा हात चुकत नाही हे घरात सगळ्यांनी धरूनच चाललेलं. आता तो पुन्हा आला आणि जाईना. आत्ता बोलायचं का? आजच कुठे ते बोलायला लागले होते. ती बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मॅडमना मात्र सगळं सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "मग मीही येते. निकाल तुझ्या एकटीच्या डोळ्यांवर नको. आणि त्या गटारावरची सगळी घरं तपासू, एकही न सोडता."

तपासायची रीत अशी: संडासात हिरवा रंग टाकायचा, पाणी ओढायचं, आणि तो रंग कुठे निघतो ते बघायचं. मैल्याच्या नळात निघाला तर ठीक. समुद्राच्या तोंडाशी निघाला तर चोर सापडला. गटारावर सहा जागा होत्या. पाहुणेघर, धोबीखाना, बेकरी, दातांचा दवाखाना, एक जुनं घर, आणि शेवटी शेड.

बुधवारी सकाळी तिघं निघाले. सासऱ्यांनी ठेवणीतला शर्ट घातला होता आणि झाकण उचलायचा स्वतःचा आकडा आणला होता. पाहुणेघराच्या मालकिणीने दार उघडलं तेव्हा ते असे उभे राहिले, जणू पोलीस घेऊनच आलेत. चौदा खोल्या, चौदा संडास. प्रत्येकात रंग, प्रत्येकाचं पाणी ओढलं. सासरे रस्त्यात मैल्याच्या झाकणावर ओणवे झाले. तिथे हिरवंगार पाणी वाहत आलं, सरळ, जसं यायला हवं तसं. पावसाचं गटार कोरडं.

"चौदाच्या चौदा बरोबर," मॅडमनी लिहून घेतलं.

"कुणी केलंय हे काम?" सासऱ्यांनी मालकिणीला विचारलं. तिने प्लंबरचं नाव सांगितलं. "बरं केलंय," ते नाखुशीने म्हणाले.

धोबीखाना ठीक. बेकरी ठीक. दाताच्या डॉक्टरांनी मध्येच सासऱ्यांना तोंड उघडायला लावून एक दात बघून घेतला, पण संडास ठीक. जुनं घर ठीक. दुपारचे साडेबारा झाले होते, ऊन डोक्यावर आलं होतं. सासऱ्यांनी आकडा खांद्यावर टाकला. "म्हणजे फुटलाच असणार कुठेतरी नळ. आता खणायला लागेल."

"एक जागा राहिलीय, बाबा," ती म्हणाली.

"कुठली?" त्यांनी खरोखरच आठवून बघितलं. मग त्यांच्या लक्षात आलं. "शेड? अगं, ते मी स्वतः जोडलंय. या हातांनी."

"तरी बघायलाच लागेल."

"बघ की," ते म्हणाले. "बघ, बघ."

'सर्वांसाठी खुला' लिहिलेलं दार तिने उघडलं, डबीतला रंग भांड्यात टाकला आणि साखळी ओढली. मॅडम वर मैल्याच्या झाकणाशी उभ्या राहिल्या. ती आणि सासरे खाली गटाराच्या तोंडाशी. पाच मिनिटं झाली. काही नाही. सासरे खाकरले. सात मिनिटं. त्यांनी तिच्याकडे बघून भुवया उंचावल्या, म्हणजे बघ, सांगत नव्हतो? नवव्या मिनिटाला सिमेंटच्या काठावरून एक बारीकशी धार उतरली, कोवळ्या पानासारखी हिरवी, आणि वाळूतून वाट काढत समुद्राकडे निघाली.

ती पटकन त्यांच्याकडे बघू शकली नाही. बघितलं तेव्हा ते वाळूवर बसलेले होते. ठेवणीतल्या शर्टासकट.

"अजून टाक," ते म्हणाले. "एकदा अजून."

तिने पुन्हा टाकला. पुन्हा नऊ मिनिटं, पुन्हा हिरवं.

"मुलं यायची," सासरे म्हणाले. "आयांना मी बोलावून सांगायचो, या, इथे आणा पोराला, वर चढू नका. दिवसाला तीस-चाळीस जण तरी असतील." "आणि टाचणीबाई. तिच्यासाठी बांधला आणि तिलाच..."

ती त्यांच्या शेजारी वाळूत बसली आणि त्यांचा हात धरून ठेवला. हात सिमेंटसारखा खरखरीत आणि गार होता.

"मलाही कळायला हवं होतं," ती म्हणाली. "मी तिथे टाळ्या वाजवल्या, बाबा. तारखा माझ्याच वहीत होत्या. आणि परवापासून मला शंका होती, पण तुम्ही नुकते बोलायला लागला होतात."

त्यांनी मान वळवून तिच्याकडे बघितलं. "म्हणून गप्प बसलीस?"

"हो."

"एवढा का मी चक्रम आहे?"

"आहात," ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तेव्हा सासऱ्यांनीच खिशातला रुमाल काढून तिला दिला.

त्या दिवशी संडासाला कुलूप लागलं. अहवालाच्या कागदावर शेवटी एक रकाना असतो, 'जोडणी कोणी केली'. संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर ती त्या रकान्यापाशी पेन धरून बसली. 'माहीत नाही' असं लिहिलेले कितीतरी अहवाल दप्तरात होते.

"काय अडलंय?" सासऱ्यांनी विचारलं. तिने कागद फिरवून दाखवला. त्यांनी तो डोळ्यांपासून हातभर लांब धरला, मग जवळ आणला, मग परत दिला. "माझं नाव लिही. पूर्ण लिही, वडिलांच्या नावासकट. आणि परवानगी घेतली नव्हती हेही लिही."

"नोटीस येईल तुम्हाला."

"येऊ दे. चाळीस वर्षं लोकांच्या घरात कामं केली, एकदा तरी नावाने पत्र येऊ दे."

दुसऱ्या दिवशी ते दवाखान्यात गेले. तिने बरोबर यावं अशी त्यांची इच्छा होती, तसं बोलून दाखवलं नाही, पण जिन्यात दोनदा मागे वळून बघितलं, म्हणून ती गेली. टाचणीबाई उशीला टेकून बसल्या होत्या, रंग जरा परतला होता. सासऱ्यांनी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. रंगाचं, नवव्या मिनिटाचं, सगळं. "टाचणीबाई, तुम्हाला आजारी मीच पाडलं."

टाचणीबाईंनी ऐकून घेतलं. बराच वेळ त्या पांघरुणाची शिवण बोटाने चाचपत राहिल्या.

"पाना," त्या म्हणाल्या, "मी एकदा एका नवरीचा पोशाख शिवला होता. बाह्या उलट्या लावल्या. डावी उजवीकडे. ती ऐन लग्नात हात वर करू शकली नाही. आजतागायत झोप लागत नाही मला त्या आठवणीने." मग त्यांचा आवाज करडा झाला. "पण मी दुसऱ्या दिवशी तिच्या घरी जाऊन तो उसवून दिला. तू कधी उसवतोयस?"

"उद्या."

"मग उभा काय आहेस? बस. आणि हिला बसायला दे, ही कालपासून उभीच असल्यासारखी दिसतेय."

उसवायचं काम सासऱ्यांना स्वतः करायचं होतं, पण त्यांचा परवाना केव्हाच संपला होता. पालिकेचा प्लंबर आला, पन्नाशीचा, शांत माणूस. सासऱ्यांना स्टुलावर बसवून त्याने त्यांच्या हातात बॅटरी दिली. आपल्या हातात बॅटरी आणि दुसऱ्याच्या हातात पाना, हे त्यांच्याने बघवेना. "जरा डावीकडून," ते म्हणायचे. "जोर नको, गळा फुटेल." प्लंबर प्रत्येक वेळी "हो काका" म्हणायचा आणि आपल्या पद्धतीने करायचा.

लादी निघाली. खाली दोन नळ शेजारी शेजारी, सारख्याच जाडीचे.

"काका," प्लंबर वाकून म्हणाला, "पट्टी बघितली नव्हती का?"

"कुठली पट्टी?"

"ही काय. गळ्याशी. मैल्याच्या नळाला तपकिरी, पावसाच्याला निळी."

सासऱ्यांनी बॅटरी जवळ नेली. आणखी जवळ नेली. "दोन्ही सारख्याच आहेत की," ते म्हणाले. "मातकट."

प्लंबरने वर बघितलं आणि तिच्याकडे बघितलं. दिवसाउजेडी, बॅटरीच्या झोतात, ती निळी पट्टी चांगली ठसठशीत दिसत होती. सासऱ्यांनी दोघांचे चेहरे बघितले, आणि हळूच बॅटरी विझवली.

"मोतीबिंदू असेल," ती म्हणाली. "किती दिवस झाले असं दिसतंय, बाबा?"

"वर्ष. दीड वर्ष," ते म्हणाले. "मला वाटलं, जगच जरा जुनं झालंय."

जोडणी दुरुस्त झाली. हिरवा रंग पुन्हा टाकला, तो मैल्याच्या नळात गेला, गटाराचं तोंड दोन दिवसांत वाळलं. नोटीस आली. सासऱ्यांनी खात्यात जाऊन मान खाली घालून ऐकून घेतलं, रीतसर परवानगीचा अर्ज भरला, आणि मंडळासमोर बाकावर उभं राहून चूक कबूल केली. पाहुणेघराच्या मालकिणीकडे जाऊन तिचीही माफी मागितली. तिने त्यांना आपल्या मोरीतला गळका नळ दाखवला. सोमवारचा नमुना तिच्याऐवजी सहकाऱ्याने घेतला, गुरुवारचाही. दोन्ही स्वच्छ आले. शुक्रवारी फलक निघाला. टाचणीबाईंना अजून पोहायची परवानगी नव्हती, म्हणून त्या काठावर खुर्ची टाकून बसल्या आणि प्रत्येकाच्या पोहण्याला नावं ठेवत राहिल्या.

डोळ्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात झालं. पट्टी काढायला ती रजा घेऊन बरोबर गेली. डॉक्टरांनी पट्टी सोडवली, डोळा पुसला. सासऱ्यांनी दोन-तीनदा पापण्या मिटल्या-उघडल्या. आधी खिडकीकडे बघितलं, मग भिंतीवरच्या अक्षरांकडे, आणि मग समोर उभ्या असलेल्या सुनेकडे. तिच्याकडे ते खूप वेळ बघत राहिले.

"अगं," ते म्हणाले, "तुझे केस पिकायला लागलेत."

"लागलेत थोडे."

"कधी?"

"झाले हळूहळू."

"कुणी सांगितलं नाही मला," असं म्हणून त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि डॉक्टर नोंदी लिहून होईपर्यंत तो काढला नाही.

घरी जाताना त्यांनी रिक्षा नको म्हटलं. चालतच जाऊ. आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या दुकानांच्या पाट्या ते एकेक करून मोठ्याने वाचत निघाले, चपलांचं दुकान, चष्म्यांचं दुकान, 'आज बंद', 'उधार बंद', 'सायकली लावू नयेत', आणि एकही चुकली नाही.